नंबरावरून जहाजापर्यंत: महायुद्धकालीन लँडिंग क्राफ्टचा सेवा-इतिहास कसा जुळवावा

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातील एका परिचित काकांनी त्यांच्या वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तीत काड्या मोडलेला चष्मा, दोन पदके, शाईने डागाळलेले एक सेवा-पुस्तक आणि पोस्टकार्डाएवढे एक छायाचित्र निघाले. छायाचित्रात आठ-दहा नौसैनिक एका जहाजापुढे वाळूत उभे आहेत आणि त्यांच्या मागे जहाजाचा पुढचा भाग एखाद्या वाड्याच्या दिंडी-दरवाजासारखा दोन्ही बाजूंना सताड उघडलेला आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने एवढेच लिहिलेले होते: ‘मगर. जुना नं.’ आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत काहीतरी, जे ३०११ असेल किंवा ३८११ असेल. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट अशी की हे जहाज फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले होते. काकांचा प्रश्न साधा होता. हे खरे आहे का, आणि नसेल तर मग खरे काय?

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या शहरात असे प्रश्न वाटतात त्यापेक्षा अधिक घरांत दडलेले असावेत, असे मला त्यानंतर वाटू लागले. रणगाडे, वाहने आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बांधल्या गेलेल्या या नौकांना बहुधा नाव नसे, फक्त प्रकार आणि क्रमांक असे. आणि नाव नसलेल्या वस्तूचा इतिहास शोधण्याची रीत नाव असलेल्या युद्धनौकेच्या इतिहासापेक्षा बरीच वेगळी आहे. ती रीत पुढे मांडली आहे. उदाहरण म्हणून काकांचे छायाचित्र मधूनमधून येईल, कारण या कामातले जवळपास सगळे खाचखळगे त्या एका छायाचित्रात सापडले.

सुरुवात घरातच करावी आणि संगणकाला हात लावण्यापूर्वी हातातील वस्तू नीट वाचावी. पेन्सिलीचे पुसट अक्षर समोरून उजेड टाकल्यास दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून, आडवा धरावा, म्हणजे पेन्सिलीच्या दाबाने कागदावर पडलेली चर सावलीमुळे उठून दिसते. शिसे उडून गेले असले तरी चर राहते. दिसेल ते जसेच्या तसे वहीत उतरवावे आणि शंका असलेल्या आकड्याखाली रेघ मारावी. आपल्या मनाने दुरुस्ती करू नये. छायाचित्राची पुढची बाजूही भिंगाखाली इंचाइंचाने पाहावी. आम्ही पाहिले तेव्हा वरच्या कठड्याला टांगलेले जीवरक्षक कडे दिसले आणि त्यावरील अक्षरांपैकी एका नौसैनिकाच्या खांद्याआडून केवळ दोनच अक्षरे डोकावत होती, इंग्रजीतील ‘एन’ आणि त्यापुढे ‘एस’. त्या ‘एन’चे मोल पुढे कळेल.

पदके असल्यास ती उलटून पाहावीत. भारतीय सैनिकांना आणि नाविकांना दिलेल्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर मागच्या बाजूस नाव आणि सेवाक्रमांक कोरलेला असतो, तर ब्रिटिशांना दिलेले तेच तारे कोरे असतात. सेवाक्रमांक मिळाला की अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही, कारण माणसाच्या नोंदी त्या क्रमांकाखाली असतात आणि माणसाच्या नोंदींतूनच पुष्कळदा जहाजाचा माग लागतो.

यानंतर प्रकार ठरवावा, आणि येथे घाई करू नये. ‘लँडिंग क्राफ्ट’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण साधारण दोनशे फुटांहून लांब असेल ते ‘लँडिंग शिप’ आणि त्याहून लहान ते ‘क्राफ्ट’, असा ढोबळ भेद नौदले करीत. एलएसटी, म्हणजे रणगाडे वाहणारे मोठे जहाज, अमेरिकी बांधणीचे असेल तर ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद असते. एलसीटी हे त्याचे धाकटे भावंड, सपाट तळाचे आणि उघड्या पोटाचे. एलसीआय सुमारे १५८ फुटांचे असून पायदळासाठी होते. सर्वांत लहान एलसीव्हीपी ही ३६ फुटांची, बरीचशी प्लायवुडची बोट न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स कारखान्यामुळे प्रसिद्ध झाली. छायाचित्रात तोंडाला दोन मोठी दारे आणि त्यांच्या आत उतरण असेल तर ते एलएसटी; दारे नसून नुसती पुढे पडणारी एक फळी असेल तर बहुधा एलसीटी, एलसीएम (वाहने उतरवणारी मध्यम आकाराची बोट) किंवा एलसीव्हीपी. माणसांच्या उंचीशी दाराची उंची ताडून पाहिली तरी बराच उलगडा होतो.

प्रकार कळल्यावर क्रमांकाची मालिका पाहावी. अमेरिकेने युद्धकाळात १,०५१ एलएसटी बांधली आणि त्यांपैकी ११३ उसनवार-पट्ट्याच्या (लेंड-लीज) करारानुसार ब्रिटनला दिली. या दिलेल्या जहाजांनी आपला मूळ अमेरिकी क्रमांक तसाच ठेवला, त्यामुळे एखादे एलएसटी ब्रिटिश निशाणाखाली दिसले म्हणून त्याचा क्रमांक ब्रिटिश यादीत शोधत बसू नये. ब्रिटनने स्वतः आखलेल्या तिसऱ्या प्रकारच्या एलएसटींची मालिका मात्र वेगळी होती: ब्रिटनमधील गोद्यांत बांधलेल्यांना ३००१ पासून आणि कॅनडात बांधलेल्यांना ३५०१ पासून क्रमांक दिले गेले. काकांच्या छायाचित्रामागील शून्य की आठ हा वाद येथेच मिटला. या मालिकेत ३८०० च्या घरात जहाजच नाही. तेव्हा आकडा ३०११.

एलसीटींच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही आपापल्या एलसीटींना एकपासून क्रमांक दिले. एकाच क्रमांकाच्या दोन नौका एकाच वर्षी, कधी एकाच समुद्रात असू शकतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा दोन नौकांच्या नोंदी एका वहीत एकाखाली एक लिहून एक सलग चरित्र तयार केले होते. ते इतके छान जुळत होते की एका नोंदीत ती नौका सिसिलीजवळ आणि तीन दिवसांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. सात-आठ नॉटच्या (म्हणजे ताशी सात-आठ सागरी मैलांच्या) वेगाने हे अंतर तीन दिवसांत कापता येत नाही. तेव्हापासून क्रमांकापूर्वी देश, प्रकार आणि मार्क (म्हणजे आराखड्याची आवृत्ती) लिहिल्याशिवाय मी वहीत कोणतीही नोंद करीत नाही.

एलसीव्हीपीसारख्या लहान बोटीचा स्वतंत्र इतिहास बहुधा सापडणारच नाही, कारण तिची स्वतंत्र रोजनिशी नसे. ती ज्या मोठ्या सैनिकवाहू जहाजाच्या कठड्याला टांगलेली असे, त्या जहाजाच्या नोंदींत तिचा शोध घ्यावा. अमेरिकी बोटींच्या बाजूवर मातृजहाजाचा क्रमांक आणि त्यापुढे बोटीचा क्रमांक रंगवलेला असे. छायाचित्रात तो दिसला तर थेट त्या जहाजाकडे जावे.

आता कागदपत्रांकडे. अमेरिकी एलएसटी असेल तर काम सर्वांत सोपे, कारण नौदलात रीतसर दाखल झालेल्या प्रत्येक जहाजाला रोजनिशी ठेवणे भाग होते. ही रोजनिशी चार-चार तासांच्या पाळ्यांत लिहिली जाई. तिच्याशिवाय दरमहा टंकलिखित युद्ध-दैनंदिनी आणि दर तीन महिन्यांची हजेरीपत्रके असत. रोजनिशी आणि हजेरीपत्रके अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप २४ मध्ये आणि युद्ध-दैनंदिनी रेकॉर्ड ग्रुप ३८ मध्ये आहेत. युद्ध-दैनंदिनींचा मोठा भाग अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत विनामूल्य वाचता येतो. धरमपेठेतील आपल्या खोलीत, कूलरसमोर बसून, ऐंशी वर्षांपूर्वीच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याने टंकलिहिलेले पान वाचण्याचा आनंद मी येथे लांबवीत नाही. पण एक सूचना करतो. आधी हजेरीपत्रक पाहू नये. आधी युद्ध-दैनंदिनीचे सलग सहा महिने वाचावेत, म्हणजे जहाजाची चाल अंगवळणी पडते, आणि मग माणसे शोधावीत.

ब्रिटिश नौकांची गोष्ट निराळी आहे. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मोठ्या युद्धनौकांच्या रोजनिश्या आहेत, पण लहान नौकांच्या बहुतेक रोजनिश्या जपल्या गेल्या नाहीत. त्यांची जागा ‘ग्रीन लिस्ट’ नावाच्या याद्या घेतात. ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने, लँडिंग शिप, क्राफ्ट आणि बार्ज कोठे आहेत हे नियमितपणे नोंदवून ठेवलेल्या या याद्या एडीएम २१० या संचात आहेत. कोणती नौका कोणत्या फ्लोटिलात (लहान नौकांच्या ताफ्यात), कोणत्या बंदरात, दुरुस्तीत की सेवेत, इतकेच तीत असते. पण अशा पंचवीस-तीस याद्या ओळीने ठेवल्या की नौकेची पायवाट उमटते. संयुक्त मोहिमांच्या मुख्यालयाचे कागद डीईएफई २ मध्ये आहेत. सूची ऑनलाइन शोधता येते आणि हव्या त्या पानांच्या प्रती शुल्क भरून मागवता येतात, तेव्हा लंडनला जाण्याची गरज नाही, खिसा थोडा सैल करण्याची आहे.

नौकेची नोंद न मिळाल्यास तिने कोणाला वाहून नेले ते पाहावे. ही युक्ती भारतीय शोधकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडील लँडिंग क्राफ्टचा इतिहास मुख्यतः ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर घडला, आणि तेथे उतरलेल्या पलटणींच्या युद्ध-दैनंदिनी नौकांच्या कागदांपेक्षा चांगल्या टिकल्या आहेत. ३ जानेवारी १९४५ रोजी अक्याब, १२ जानेवारीला म्येबोन, २१ ला रामरी, २२ ला कांगॉ, आणि मे महिन्याच्या आरंभी रंगून, अशी ती मालिका आहे. क्यू येथील डब्ल्यूओ १७२ या संचात आग्नेय आशियातील सैन्यदळांच्या दैनंदिनी आहेत. कांगॉच्या लढाईतील ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते आणि त्यांपैकी एक होते पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात. पलटणीच्या दैनंदिनीत ‘अमुक वाजता नौकेत चढलो, अमुक वाजता उतरलो’ ही एक ओळ असते आणि तीच आपल्याला हवी असते. नौकेचा क्रमांक नसला तरी फ्लोटिला सापडते.

रॉयल इंडियन नेव्हीत स्वतंत्र लँडिंग क्राफ्ट विंग होती आणि तिचे प्रशिक्षण रामेश्वरमजवळच्या मंडपम येथे चाले. तिचा वारसा आज मुंबईत मार्वे येथील आयएनएस हमला या नावात टिकून आहे. येथे एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळ कुटुंबे पडतात. ब्रिटिश परंपरेनुसार किनाऱ्यावरील छावणीलाही जहाजासारखेच नाव देतात. आजोबांच्या सेवा-पुस्तकात ‘एच.एम.आय.एस. हमला’ लिहिलेले असेल तर आजोबा ‘हमला’ नावाच्या जहाजावर नव्हते, ते छावणीच्या पटावर होते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाकाठी तर ‘एच.एम.एस. अँगोस्टुरा’ नावाचे लुटूपुटूचे जहाज होते, ज्यावर सैनिकांना किनाऱ्यावर उतरण्याचा सराव दिला जाई. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी ती जागा निवडताना या तयार सोयीचाही विचार झाला. नाव सापडले की ते तरंगत होते का, हा प्रश्न आधी विचारावा.

नागपुरातून करता येण्यासारखी कामेही आहेत. माणसाची नोंद मागवायची असेल तर नौसैनिकांचे दप्तर मुंबईत मानखुर्द येथील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते आणि अर्ज कसा करावा याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घेता येते. अर्जासोबत वारस असल्याचा पुरावा जोडावा आणि सेवाक्रमांक पहिल्याच ओळीत लिहावा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘अभिलेख पटल’ ही सूची घरबसल्या चाळता येते. तेथे शोधताना आजचे नाव आणि त्या काळचे नाव, दोन्ही टाकून पाहावे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कारभाराचे कागद आहेत. तेथे जहाजे सापडणार नाहीत, पण युद्धकाळातील भरती आणि प्रचार यांविषयी सापडू शकते, आणि नागपूरचा मुलगा समुद्रावर कसा गेला या प्रश्नाचे उत्तर बहुधा अशाच फायलींत असते. ‘हितवाद’च्या त्या वर्षांच्या फायली जेथे चाळायला मिळतील तेथे अवश्य चाळाव्यात, मात्र वृत्तपत्रांवर तेव्हा युद्धकालीन बंधने होती, त्यामुळे लँडिंगची बातमी काही दिवस उशिरा आणि नौकेच्या क्रमांकाविना येते, हे गृहीत धरावे.

युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहास विभागाने प्रसिद्ध केलेल्या अधिकृत इतिहासाचे खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. त्यांतील नौदलाचा आणि आराकानचा खंड आधी वाचावा, नाहीतर मूळ कागदांतील सांकेतिक नावे डोक्यावरून जातात.

कागद हाती आले की तारखा आणि वेळा जुळवण्याचे चिवट काम सुरू होते. सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळे नेहमीच्या प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे होती. एकाच हल्ल्याची वेळ नौदलाच्या कागदात ग्रिनिचप्रमाणे, पलटणीच्या कागदात स्थानिक, आणि आजच्या लेखात आजच्या प्रमाणवेळेप्रमाणे दिलेली असू शकते. म्हणून वहीत वेळ लिहिताना ती कोणत्या घड्याळाची हे शेजारी लिहावे. ठिकाणांच्या नावांचेही तसेच. अक्याब म्हणजे आजचे सित्त्वे, रंगून म्हणजे यांगून, कोकोनाडा म्हणजे काकीनाडा. मूळ कागदातील नाव आधी आणि आजचे नंतर, हा क्रम मोडू नये.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. फुटाळा तलावाच्या काठी वाढलेल्या आपल्यासारख्यांना पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते हे पुस्तकातून माहीत असते, अंगाने नसते. आणि लँडिंग क्राफ्टच्या रोजनिशीतील निम्म्या नोंदी तर त्याविषयीच असतात. ‘बीच्ड’ म्हणजे जहाज मुद्दाम वाळूवर चढवले. ‘ड्राइड आउट’ म्हणजे ओहोटीने पाणी मागे गेले आणि जहाज कोरडे पडले. ही आपत्ती नव्हे, नॉर्मंडीत एलएसटी मुद्दाम अशी कोरडी पाडून त्यातील वाहने सुक्या वाळूवर उतरवत. ‘रिट्रॅक्टेड’ म्हणजे किनाऱ्यावर येताना मागे टाकून ठेवलेला नांगर यंत्राने ओढून घेत जहाज पुन्हा पाण्यात गेले. ‘ब्रोच्ड’ मात्र वाईट: लाटांनी नौका आडवी फिरवून किनाऱ्याला आपटली. म्येबोनला नंतरच्या लाटेतील माणसे ओहोटीच्या वेळी उतरली आणि कमरेएवढ्या चिखलात रुतली. भरतीचे कोष्टक शेजारी नसेल तर ही नोंद कोणाच्या तरी निष्काळजीपणाची वाटते.

या यंत्राची करामत समजली तर नोंदी अधिक बोलक्या होतात. महासागर ओलांडायला जहाज पाण्यात खोल बसलेले हवे आणि किनाऱ्यावर चढायला उथळ हवे. अमेरिकी नौदलाच्या जॉन नीडरमेयर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये काढलेल्या आराखड्यात यावरचा उपाय पाण्याच्या टाक्यांत होता: समुद्रात टाक्या भरून जहाज जड करायचे, किनारा जवळ आला की पाणी उपसून हलके करायचे. किनाऱ्यावर चढताना पुढच्या बाजूला जेमतेम तीन फूट पाणी पुरे होई आणि मागच्या बाजूला साडेनऊ फूट. किनारा बघताच टाक्या उपसल्याची आणि नांगर टाकल्याची नोंद येते, ती यामुळे. तळाचे पत्रे चेपणे, सुकाणू वाकणे, मागच्या नांगराची तार तुटणे हे या जहाजांचे रोजचे दुखणे होते. अशा नोंदी वाचून जहाज गोळीबारात सापडले असा तर्क करू नये. १,०५१ पैकी शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली एलएसटी २६ आणि वादळ, खडक वा अपघात यांत गमावलेली १३ आहेत. खलाशी एलएसटीचा अर्थ थट्टेने ‘लार्ज स्लो टार्गेट’, म्हणजे ‘मोठे, मंद लक्ष्य’, असा करीत, पण आकडे तितके निराशाजनक नाहीत.

आता काकांच्या नॉर्मंडीकडे वळू. कौटुंबिक आठवण तपासताना मी तिला आधी खोटी मानत नाही, आधी तारीख मागतो. नॉर्मंडीचे लँडिंग ६ जून १९४४ रोजी झाले. ३०११ ज्या मालिकेतील आहे, त्या तिसऱ्या प्रकारच्या एलएसटींच्या मागण्याच १९४३ च्या अखेरीस गोद्यांकडे गेल्या आणि त्यांतील पहिली जहाजे पाण्यात उतरली ती १९४४ च्या उत्तरार्धात. तेव्हा ३०११ नॉर्मंडीला असणे शक्य नाही. हे सांगताना मला थोडे जड गेले. काका शांत होते, ते म्हणाले, “बाबांनी स्वतः कधी तसं म्हटलं नव्हतं. आम्हीच सांगत आलो.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे, कारण कौटुंबिक कथेतील कोणता भाग मूळ माणसाने सांगितला आणि कोणता नंतर चिकटला, हे विचारणे हाही या पद्धतीचाच भाग आहे.

मग ३०११ चे खरे चरित्र काय? हारलँड अँड वुल्फ या कंपनीने बांधलेले हे जहाज. अमेरिकी एलएसटींना डिझेल इंजिने होती, या ब्रिटिश प्रकाराला वाफेची होती, आणि त्यामुळे वेग थोडा अधिक, सुमारे १३ नॉट, होता. १९४७ मध्ये ब्रिटिश नौदलाने या प्रकारच्या जहाजांना नावे दिली, तेव्हा ३०११ चे नाव ‘अ‍ॅव्हेंजर’ झाले. १९४९ मध्ये ते भारताकडे आले आणि त्याचे नाव ‘मगर’ पडले. किनाऱ्यावर पोट टेकवून जबडा उघडणाऱ्या जहाजाला यापेक्षा समर्पक नाव सुचणे कठीण. आपल्या नौदलाचे हे पहिले एलएसटी. एकाच लोखंडाची तीन नावे झाली, आणि तिन्ही नावांखाली स्वतंत्रपणे शोध घेतला नाही तर चरित्र तुकड्यांत राहते.

याउलट एकाच नावाची दोन जहाजेही असतात. १९८७ मध्ये नौदलात दाखल होऊन मे २०२३ मध्ये निवृत्त झालेले आयएनएस मगर हे कोलकात्यात बांधलेले, अगदी निराळे जहाज आहे. संगणकावर ‘मगर’ शोधल्यास पहिली पाच-पंचवीस चित्रे त्याचीच येतात, आणि काकांच्या पुतण्याने त्यांतील एक चित्र आधीच चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेले होते. ते काढायला सांगण्याचे धैर्य मला दुसऱ्या भेटीत झाले.

राहिला जीवरक्षक कड्यावरचा ‘एन’. २६ जानेवारी १९५० पूर्वी आपल्या नौदलाच्या जहाजांच्या नावापुढे ‘एच.एम.आय.एस.’ ही अक्षरे असत, त्यानंतर ‘आय.एन.एस.’ आली. पहिल्या प्रकारात ‘एस’च्या आधी ‘आय’ येतो, दुसऱ्यात ‘एन’. कड्यावर ‘एन’ दिसतो, म्हणजे छायाचित्र प्रजासत्ताकानंतरचे. युद्धकाळातील टोपीच्या फितीही अशाच उपयोगी पडतात. ब्रिटिश नौदलात तेव्हा गुप्ततेसाठी फितीवर जहाजाचे नाव न लिहिता नुसते ‘एच.एम.एस.’ लिहीत, त्यामुळे फितीवर पूर्ण नाव असेल तर छायाचित्र युद्धाच्या आधीचे किंवा नंतरचे असण्याचा संभव अधिक.

युद्धानंतरचे आयुष्य टाळू नये. बहुतेक लेखक सप्टेंबर १९४५ ला चरित्र संपवतात, आणि तेथेच खरी गंमत सुरू होते. अमेरिकेचे एलएसटी ३२५ घ्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते सेवेत आले, सिसिली, सालेर्नो आणि ओमाहा बीच येथे गेले, १९६४ मध्ये ग्रीसला देण्यात येऊन ‘सिरॉस’ झाले, १९९९ मध्ये ग्रीक नौदलातून निवृत्त झाले, आणि मग वृद्ध माजी नौसैनिकांच्या एका तुकडीने ते क्रीटहून अटलांटिक ओलांडून जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेतील मोबाइल बंदरात आणले. आज ते इंडियाना राज्यातील एव्हन्सव्हिल या नदीकाठच्या गावी आहे. तेथील गोदीने युद्धकाळात १६७ एलएसटी बांधली होती, समुद्रापासून शेकडो मैल आत. नागपूरकराला ही माहिती विशेष आवडावी.

ब्रिटिश एलसीटी ७०७४ चे चरित्र याहून विलक्षण आहे. एप्रिल १९४४ मध्ये टाइन नदीवर ती पाण्यात उतरली, जूनमध्ये दहा रणगाडे घेऊन नॉर्मंडीला गेली, युद्धानंतर लिव्हरपूलमध्ये ‘लँडफॉल’ नावाने क्लब आणि पुढे नाइटक्लब झाली, शेवटी बर्कनहेडच्या गोदीत बुडाली, २०१४ मध्ये वर काढली गेली आणि दुरुस्त होऊन ऑगस्ट २०२० मध्ये पोर्ट्‌समथच्या संग्रहालयात पोहोचली. या चरित्रातील मधली वर्षे नौदलाच्या एकाही कागदात नाहीत. ती क्लबच्या, बंदराच्या आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या नोंदींत आहेत. जहाज विकले गेले असेल तर नौदलाची दारे सोडून व्यापारी नोंदणी आणि भंगार व्यापाऱ्यांकडे वळावे लागते.

लिहून काढताना प्रत्येक नोंद एकाच घाटाची ठेवावी: तारीख, ठिकाण, काय घडले, कोणत्या कागदावरून, आणि तो कागद घटनेच्या दिवशीचा की नंतरचा. ‘उपस्थित होते’ आणि ‘भाग घेतला’ या दोन शब्दप्रयोगांत भेद करावा. एखादे एलएसटी मोहिमेच्या यादीत आहे म्हणजे पहिल्या दिवशी किनाऱ्यावर होते असे नव्हे. ते पाचव्या दिवशी इंधनाचे डबे घेऊन आलेले असू शकते, आणि तेही तितक्याच आदराने लिहावे. मृतांचे आकडे लिहिताना तर विशेष जपावे. २८ एप्रिल १९४४ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सरावादरम्यान जर्मन टॉर्पेडो बोटींनी एलएसटी ५०७ आणि ५३१ बुडवली. त्या रात्रीच्या मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत वेगळे आहेत, कारण सैन्य आणि नौदल यांनी आपापली माणसे वेगळी मोजली. असे असेल तेव्हा दोन्ही आकडे आणि दोन्ही मोजणारे लिहावेत, सरासरी काढू नये.

रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवाव्यात. काकांच्या वहीत १९४५ ते १९४७ या काळातील पान मी कोरे सोडले असून वर फक्त वर्षे लिहिली आहेत. मानखुर्दहून वडिलांची नोंद आल्यावर त्यांच्या मगरवरील नेमक्या तारखा भरता येतील. छायाचित्रामागील मूळ अक्षरांना मात्र हात लावलेला नाही. वेगळ्या आम्लरहित कागदाची चिठ्ठी करून ती पाकिटात ठेवली आहे, पेन्सिलीने, कारण शाई उतरते. चिठ्ठी काकांनी स्वतःच्या हाताने लिहिली: ‘आय.एन.एस. मगर (पहिली). पूर्वीची एच.एम.एस. अ‍ॅव्हेंजर, एलएसटी ३०११. छायाचित्र २६ जानेवारी १९५० नंतरचे. डावीकडून चौथे, बाबा.’